छंदातली आज्ञावली आणि चार लोकांची नजर

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकप्रेमींच्या एका चर्चागटाला छोटासा संदेश पाठवला. आपण घरच्या संगणकासाठी एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, हा केवळ छंद आहे, त्यातून काही मोठे आणि व्यावसायिक उभे राहणार नाही, असा त्याचा आशय होता. सोबत एक साधा प्रश्नही होता : सध्या आपण वापरता त्या प्रणालीत आपल्याला काय आवडते आणि काय खटकते?

छंदाच्या या आज्ञावलीचे पुढे काय झाले हे आता सर्वांना ठाऊक आहे. ‘लिनक्स’ या नावाने ती जगभर पसरली. महाजालावरील असंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइड मोबाइल फोन तिच्याच गाभ्यावर चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून तर जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालू लागला. ही यशकथा सांगताना बहुधा एक गोष्ट निसटते. त्या विद्यार्थ्याने संगणकाशी एकट्याने झटापट केली, हे खरे. पण त्याच्या छंदाला आकार आला तो त्याने आपले अपुरे काम चार लोकांपुढे ठेवले तेव्हा. संगणकशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या कथेचा हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

अभ्यासक्रमातील प्रकल्प आणि छंद

अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी ‘प्रोजेक्ट’ करावा लागतो. ग्रंथालय व्यवस्थापन, रुग्णालयाची नोंदवही, विद्यार्थ्यांची हजेरी हे त्याचे ठरलेले विषय. जाडजूड अहवाल बांधून घेतला जातो, तोंडी परीक्षा होते, गुण मिळतात आणि ती आज्ञावली पुन्हा कोणी उघडूनही पाहत नाही. मोठ्या शहरांतून तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, हेही आता फारसे गुपित राहिलेले नाही. या साऱ्यात विद्यार्थी काहीच शिकत नाही असे नव्हे. परंतु त्याने लिहिलेल्या गोष्टीची कुणाला खरोखर गरज असते, असे क्वचितच घडते.

छंदातला प्रकल्प याच्या उलट असतो. त्याचा आरंभ एखाद्या गरजेतून, त्रासातून किंवा निव्वळ कुतूहलातून होतो. टॉरवल्ड्‌सचेच पाहा. जानेवारी १९९१ मध्ये त्याने नवा संगणक घेतला आणि त्यावर ‘मिनिक्स’ ही प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रचलेली प्रणाली बसवली. घरबसल्या विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घेण्याची तिच्यातील सोय त्याला पुरेशी वाटेना, म्हणून त्याने स्वतःच तशी आज्ञावली लिहिली. मग तिच्यातून फाइली साठवता याव्यात असे वाटले. पुढे एकदा मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच ‘फोन लावल्याने’ तिच्यावरील मिनिक्स निकामी झाले आणि ते पुन्हा बसवण्यापेक्षा आपलीच प्रणाली पूर्ण करावी, असे त्याने ठरवले. सप्टेंबर १९९१ मध्ये बाहेर पडलेली पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. ती कोणत्याही परीक्षेसाठी लिहिलेली नव्हती.

‘रामाला भाला मारा’चे कोडे

आता हेलसिंकीहून आपल्या घरी येऊ. समजा, आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थिनीला धाकट्या भावासाठी मराठी शब्दखेळ तयार करावासा वाटला. उलटसुलट कसेही वाचले तरी सारखेच राहणारे ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य आपण शाळेत ऐकलेले असते. दिलेले वाक्य असे दुतोंडी आहे की नाही, हे संगणकाने ओळखायचे. काम सोपे दिसते : मधली जागा वगळा, अक्षरे उलट क्रमाने लावा आणि मूळ वाक्याशी ताडून पाहा. इंग्रजीसाठी हा धडा पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतो. विद्यार्थिनी तोच मराठीला लावते आणि संगणक ठामपणे सांगतो की, ‘रामाला भाला मारा’ हे दुतोंडी वाक्य नाही!

चूक तिची नसते; संगणकाचीही नसते. आपल्याला या वाक्यात सात अक्षरे दिसतात. संगणक मात्र ‘रा’ हे एक अक्षर न मानता ‘र’ आणि ‘काना’ अशी दोन चिन्हे साठवतो. त्याच्या लेखी येथे चौदा चिन्हे आहेत आणि ती उलटी केली की वाक्याचा आरंभ काना या चिन्हानेच होतो. सगळ्या भाषांच्या लिपींना क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ या प्रमाणाची ही रचना आहे. त्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा मुख्य गट राखलेला आहे आणि पूर्ण अक्षरांऐवजी त्यांचे घटक तेथे नोंदवलेले आहेत. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर. पण संगणकात ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा चिन्हांचे बनते. प्रचलित साठवण पद्धतीत यांतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एका ‘स्त्री’साठी अठरा.

पुढच्या अडचणी याहून बारीक आहेत. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा भेद दाखवणारा अर्धा ‘र’ हे मराठीचे वैशिष्ट्य. युनिकोडमध्ये तो दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. त्यामुळे एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधू गेल्यास समोर असूनही सापडत नाही. शब्दांच्या क्रमाचेही तसेच. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ‘ल’च्या शेजारी आहे. नुसत्या क्रमांकांनुसार शब्द लावले तर कळ, कवच, कहर असा क्रम येतो. आपल्या वर्णमालेप्रमाणे तो कवच, कहर, कळ असा हवा.

शब्दखेळ लिहिताना या विद्यार्थिनीला लिपी, साठवण आणि क्रमवारी या तिन्ही गोष्टी स्वतःच्या हाताने उलगडाव्या लागतात. छंदाचे मोल येथे आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरण उत्तर ठाऊक असलेले असते. छंदातला प्रश्न आपल्याला अशा जागी नेतो, जेथे उत्तर कोणी मांडून ठेवलेले नसते.

आणि कधीकधी असे प्रश्न जगाचेही असतात. ‘एक अक्षर कोठे संपते’ हे ठरवण्याचे युनिकोडचे सर्वसाधारण नियम व्यंजन आणि त्याची मात्रा यांना पूर्वीपासून एकत्र धरत होते; पण ‘स्त्री’सारखे जोडाक्षर ते तोडत असत. देवनागरीसह काही भारतीय लिपींतील जोडाक्षरे अखंड मानण्याचा नियम त्या प्रमाणात आला तो २०२३ मध्ये. म्हणजे युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाल्यापासून बत्तीस वर्षांनी! असे नियम बदलतात ते ती भाषा वापरणारी माणसे प्रश्न नेमकेपणाने मांडतात आणि त्याचा पाठपुरावा करतात म्हणून.

गॅरेजमधून सभागृहात

हा प्रश्न मांडायचा कोठे? येथे डेव्हलपर मंडळींच्या मेळाव्यांचा संबंध येतो. ही प्रथा जुनी आहे. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली. ‘अल्टेअर ८८००’ हा घरी जुळणी करता येण्याजोगा संगणक नुकताच आला होता आणि तो सर्वांना पाहायचा होता. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची ही पहिली बैठक. आपण काय बनवले ते आणून दाखवायचे, त्याचे नकाशे इतरांना द्यायचे, ही या मंडळाची रीत. तेथे येणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी आपला संगणक याच मित्रमंडळींपुढे मांडला. तोच पुढे ‘अ‍ॅपल-१’ म्हणून ओळखला गेला.

आज प्रत्येक महाविद्यालयात गाजणाऱ्या ‘हॅकेथॉन’चा उगमही असाच गरजेतून झाला. अमेरिकेच्या निर्यातविषयक कायद्यांमुळे गुप्तलेखनाच्या आज्ञावलीवर त्या देशात काम करणे अडचणीचे होते. म्हणून जून १९९९ मध्ये ‘ओपनबीएसडी’ या प्रणालीचे दहा प्रोग्रॅमर कॅनडातील कॅल्गरी येथे जमले आणि एकत्र बसून त्यांनी काम केले. त्या बैठकीला हे नाव मिळाले. तेथे बक्षीस नव्हते आणि परीक्षकही नव्हते. दुसरीकडे, वक्ते व श्रोते असा भेद न मानणाऱ्या ‘बारकॅम्प’ची सुरुवात ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झाली. भिंतीवर कोरा तक्ता लावायचा, ज्याला बोलायचे असेल त्याने त्यावर आपला विषय लिहायचा, एवढीच त्याची तयारी.

भारतात २००१ मध्ये ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद सुरू झाली. २००५ पासून ती ‘फॉस डॉट इन’ या नावाने भरू लागली आणि २०१२ पर्यंत भरत राहिली. ‘पायथॉन’ या संगणकभाषेची ‘पायकॉन इंडिया’ ही परिषद २००९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथम झाली. तिच्या आयोजनाचा भार स्वयंसेवकांनी उचलला. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आणि सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारा ‘ग्नुनिफाय’ हा मेळावा यांनी अनेक विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरची पहिली ओळख करून दिली. युरोपात ब्रसेल्सच्या विद्यापीठात दर फेब्रुवारीला भरणाऱ्या ‘फॉसडेम’ या मेळाव्याला तर प्रवेशशुल्क नाही आणि नावनोंदणीही करावी लागत नाही.

मेळाव्यात नेमके घडते काय?

बाहेरून पाहणाऱ्याला हे मेळावे म्हणजे भाषणे, चहा आणि नाश्ता एवढेच वाटते. भाषणे महत्त्वाची असतातच. परंतु नवख्याने आणखी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, पाच मिनिटांची छोटी भाषणे. अनेक परिषदांत त्यांसाठी त्याच दिवशी नाव देता येते. काम अपुरे असले तरी चालते. आपल्या विद्यार्थिनीने तेथे ‘रामाला भाला मारा’चे कोडे मांडले, तर पाच मिनिटेही जास्त होतील. श्रोत्यांत तमिळ किंवा बंगाली भाषेसाठी याच प्रश्नाशी झगडलेला कोणी असण्याची बरीच शक्यता असते आणि तो नंतर येऊन बोलतो. दुसरी गोष्ट म्हणजे हे नंतरचे बोलणे. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात जी ओळख होते, ती कार्यक्रमपत्रिकेत छापलेली नसते. तिसरी गोष्ट ‘स्प्रिंट’. परिषदेच्या आधी किंवा नंतर एक-दोन दिवस प्रत्यक्ष आज्ञावलीवर काम करण्यासाठी ही बैठक असते. एखाद्या प्रकल्पाचे जाणते लोक शेजारी बसलेले असतात आणि नवख्याला पहिली दुरुस्ती करण्यास हात देतात.

ही दुरुस्ती करण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी दोष नोंदवायचा : काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले. मग मूळ आज्ञावलीची प्रत घेऊन तीत बदल करायचा आणि तो स्वीकारावा अशी विनंती पाठवायची. या विनंतीला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. प्रकल्प सांभाळणारी व्यक्ती ओळ न् ओळ वाचते, शंका विचारते, चाचणी जोडायला सांगते. अनेकदा बदल परत येतो. कोणी काय, कधी आणि कशासाठी बदलले याचा इतिहास ‘गिट’ ही आज्ञावली जपून ठेवते. तीही टॉरवल्ड्‌स यांनीच २००५ मध्ये लिहिली.

परीक्षेत आपण लिहिलेली आज्ञावली चालली की काम संपते. येथे ती चालणे ही सुरुवात असते. दुसऱ्याला ती वाचून समजली पाहिजे, पाच वर्षांनी कोणी बदलायला घेतली तर मोडता कामा नये. इतरांची आज्ञावली वाचणे आणि आपली इतरांकडून तपासून घेणे ही या व्यवसायातली रोजची कामे. वर्गात त्यांना फारसा वाव मिळत नाही. ही उणीव भरून काढणारा एक उपक्रम म्हणजे गूगलचा ‘समर ऑफ कोड’. २००५ साली तो सुरू झाला तेव्हा चारशेहून अधिक विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करण्यासाठी विद्यावेतन मिळाले. २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही त्याचे दार उघडले.

टी-शर्टाचा मोह

या सुंदर व्यवस्थेला लागलेली कीडही सांगितली पाहिजे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा उपक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी त्याची योजना. हेतू चांगला होता. २०२० मध्ये मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कोणी माहितीपत्रकात ‘अप्रतिम प्रकल्प’ एवढेच शब्द घातले, कोणी एखादे विरामचिन्ह हलवले. भारतीय विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या एका मार्गदर्शनपर चित्रफितीची या संदर्भात बरीच चर्चा झाली. अखेर ज्या प्रकल्पांना हवे असेल त्यांनीच सहभागी व्हावे, असा नियम आयोजकांना त्याच आठवड्यात करावा लागला. २०२३ मध्ये टी-शर्ट देणेही थांबवले गेले. पण सवय जात नाही. २०२४ च्या आरंभी ‘एक्सप्रेस’ या सुप्रसिद्ध प्रकल्पाच्या माहितीपत्रकात आपापली नावे घालण्याच्या विनंत्यांचा असाच लोंढा आला.

यात कोणाचे काय बिघडले, असे वाटेल. उत्तर प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या बाजूने पाहिले पाहिजे. अनेकदा ही व्यक्ती नोकरी सांभाळून, विनामूल्य हे काम करीत असते. प्रत्येक निरर्थक विनंती उघडून, वाचून, बंद करावी लागते. तो वेळ खऱ्या दुरुस्तीच्या वाट्याचा असतो. आणि ही थकलेली, एकटी माणसे जगाच्या किती महत्त्वाच्या खांबांना टेकू देऊन उभी आहेत, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. फाइलींचा आकार लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या आज्ञावलीची जबाबदारी कित्येक वर्षे प्रामुख्याने एकाच स्वयंसेवकावर होती. मदतनीस म्हणून आलेल्या एका अज्ञात व्यक्तीने दोन-अडीच वर्षे नेमाने काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि अखेर तिच्यात चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशासाठी सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. कारण शोधता शोधता तो चोरदरवाजापर्यंत पोहोचला आणि लिनक्स वापरणाऱ्या असंख्य सर्व्हरवरचे संकट टळले.

या घटनेतून दोन्ही बाजू दिसतात. एकटा पडलेला छंद धोकादायक ठरू शकतो आणि अर्ध्या सेकंदाची विसंगती मनाला लावून घेणारे छांदिष्ट कुतूहलच त्या धोक्यातून वाचवूही शकते. प्रकल्पांना माणसे हवी आहेत, पण ती वाचणारी, समजून घेणारी आणि टिकून राहणारी. संख्या मोजणारी प्रमाणपत्रे अशी माणसे घडवीत नाहीत.

सुरुवात कशी करावी?

घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या खऱ्या अडचणीपासून आरंभ करावा : आजीची औषधांची वेळ, वाचनालयाची यादी, मराठी शब्दखेळ. काम लहान असावे, म्हणजे ते पुरे होते. ते उघड ठेवताना दोन गोष्टी विसरू नयेत : ते काय करते हे सांगणारे साध्या भाषेतील टिपण आणि परवाना. परवाना नसेल तर इतरांना आज्ञावली पाहता येते. तिचा वापर करण्याचा हक्क मात्र मिळत नाही. टॉरवल्ड्‌स यांच्या पहिल्या परवान्यात लिनक्स विकण्यास मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी ‘जीपीएल’ हा मुक्त परवाना स्वीकारला, तेव्हा इतरांना ते वाटणे आणि विकणेही शक्य झाले आणि लिनक्सच्या प्रसाराला जोर आला. दुसऱ्याच्या प्रकल्पात जाताना प्रथम तो वापरावा, त्याच्या जुन्या चर्चा वाचाव्यात आणि आपल्याला स्वतःला जाणवलेलाच दोष नोंदवावा. नीट लिहिलेली दोषनोंद ही चांगल्या दुरुस्तीइतकीच मोलाची असते. संगणकभाषा फारशी येत नसेल, तरी सॉफ्टवेअरमधील सूचना चांगल्या मराठीत आणण्याचे काम करणारे हात नेहमीच कमी असतात.

मेळाव्याला जाताना प्रमाणपत्राऐवजी एक प्रश्न घेऊन जावे. इंग्रजी अडखळते म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. संगणकावर ‘रामाला भाला मारा’ चालवून दाखवले आणि चुकीचे उत्तर पडद्यावर उमटले, की पुढचे बोलणे आपोआप सुरू होते. सुट्टीच्या दिवशी अशा एखाद्या बैठकीला मुलगा किंवा मुलगी निघाली, तर पालकांनीही ‘त्यातून मार्क किती मिळणार’ असे विचारू नये. परतल्यावर तेथे कोण भेटले आणि आपल्या आज्ञावलीत त्यांनी कोणती चूक दाखवली, हे जरूर विचारावे.